न बोलता सांगायचं कसं?

खेळामागचं तंत्र : भाग ६

खो-खोत पाठलाग करणारा गडी एकच अक्षर बोलतो. पाठीवर हात आणि तोंडानं मोठ्यांदा 'खो'. बसलेल्याला तेवढं पुरतं, तो उठून धावू लागतो. मागच्या भागात आपण पाहिलं की ऑनलाइन खेळात एकमेकांना कधीच न भेटलेले खेळाडू काही सेकंदांत एका संघात जुळवले जातात. जुळले खरे, पण एक मराठी, दुसरा तमिळ, तिसरा नेपाळी. ते बोलणार कोणत्या भाषेत? आणि बोटं तर नेम धरण्यात गुंतलेली! 'उजवीकडे घरामागे दोघं आहेत' एवढं टाइप करेपर्यंत त्या दोघांनी आपल्याला टिपलेलं असतं.

खेळातलं चॅट सुधारायचं म्हटलं की चर्चा थेट शिव्या गाळण्यावर जाते. मला ही सुरुवातच चुकीची वाटते. आधी विचारायला हवं, की ऐन खेळात खेळाडूला सांगायचं तरी काय असतं? इथे शत्रू आहे. ही बंदूक तू घे. तिकडे चला. थांबा. बहुतेक वेळा यापलीकडे फारसं काही नसतं.

याचं आजवरचं सर्वांत समाधानकारक उत्तर 'एपेक्स लीजंड्स' या खेळानं दिलं. रिस्पॉन कंपनीचा हा खेळ ४ फेब्रुवारी २०१९ रोजी आला. 'पिंग' त्याआधीही बऱ्याच खेळांत होतं. नकाशावर टिचकी मारली की साथीदारांना तिथे ठिपका दिसायचा. एपेक्सनं त्या ठिपक्याला अर्थ दिला. तुम्ही बंदुकीकडे नेम धरून बटण दाबलं, तर तुमचं पात्र त्या बंदुकीचं नाव घेऊन 'इथे आहे' असं बोलतं. दरवाजाकडे, डोंगराकडे, मोकळ्या जागेकडे रोखून दाबलं की दर वेळी वेगळं वाक्य. तेच बटण दोनदा दाबलं की 'शत्रू!'. साथीदार त्याच खुणेवर बटण दाबून 'ती माझ्यासाठी ठेव' असंही कळवू शकतो.

यामागची युक्ती साधी आहे. तारेवरून वाक्य जातच नाही. जातो एक छोटा सांकेतिक क्रमांक, सोबत जागेचे आकडे. त्या क्रमांकाचं वाक्य बनतं साथीदाराच्या यंत्रावर, त्यानं निवडलेल्या भाषेत. म्हणजे जपानी खेळाडूनं दाखवलेली बंदूक फ्रेंच खेळाडूला फ्रेंचमध्ये ऐकू येते आणि मध्ये कुणी भाषांतर केलेलं नसतं. एखाद्या कंपनीनं ही वाक्यं एकदा मराठीत नीट लिहून ध्वनिमुद्रित केली, तर चंद्रपूरच्या मुलाला सेऊलच्या मुलाची सूचना मराठीत मिळेल. एपेक्स आला त्याच महिन्याच्या अखेरीस 'फोर्टनाइट'नंही अशी सोय आणली. पुढे २०२१ मध्ये एपेक्सची प्रकाशक ईए हिनं या पद्धतीचं पेटंट इतरांनाही फुकट वापरू दिलं. व्यवसायात असं क्वचित घडतं, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

पण ठरावीक वाक्यांनाही माणसं वाकवतात. मोटारींनी फुटबॉल खेळण्याच्या 'रॉकेट लीग'मध्ये 'काय अडवलास!' या अर्थाचं तयार वाक्य आहे. गोल खाल्ल्यावर समोरून तेच तीनदा आलं, की डोक्यात तिडीक जाते. 'हार्थस्टोन' या पत्त्यांच्या खेळात अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी मोकळं चॅट नव्हतंच, मोजून सहा उद्गार होते. त्यातल्या 'सॉरी'चा वापर डिवचण्यासाठीच जास्त होऊ लागला, तेव्हा २०१६ मध्ये तो काढून 'वाव' ठेवला. मग 'वाव'नंही डिवचू लागले.

तेव्हा काय बोलता येतं याइतकंच कोणाला ऐकू जातं हेही महत्त्वाचं. 'लीग ऑफ लीजंड्स' चालवणाऱ्या रायट कंपनीनं एकदा प्रतिस्पर्ध्यांशी होणारं चॅट मुळात बंद ठेवलं. ज्याला हवं त्यानं स्वतः सुरू करायचं. बऱ्याच जणांनी ते सुरू केलं, एकूण गप्पा जवळपास तेवढ्याच राहिल्या. मात्र वाईट संभाषण ३० टक्क्यांहून अधिक घटलं आणि चांगलं सुमारे ३५ टक्क्यांनी वाढलं. कुणाच्या तोंडावर हात ठेवला नव्हता. बोलण्याआधी एक पायरी चढावी लागत होती, बस्स.

शब्द गाळणाऱ्या यंत्राची गत मात्र मराठीत दयनीय होते. आपली मुलं खेळात रोमन लिपीत मराठी लिहितात. 'सुरक्षित' हा शब्द रोमन अक्षरांत लिहून पाहा. त्याची शेवटची चार अक्षरं म्हणजे इंग्रजीतला एक असभ्य शब्द. 'अपेक्षित', 'प्रकाशित', 'सुशिक्षित' यांचंही तेच. नुसती अक्षरं चाळणारी इंग्रजी यादी लावली, तर 'इकडे सुरक्षित आहे' या वाक्यात चांदण्या उमटतात. उलट अस्सल मराठी शिवी, दर वेळी वेगळ्या स्पेलिंगनं, बिनदिक्कत पुढे जाते. मराठी जाणणाऱ्या माणसाला कामाला लावल्याशिवाय हे सुटणार नाही.

माझी भाची सांगलीत बारावीला आहे. चांगली खेळते, पण माइक कायम बंद. आवाज ऐकू आला की 'अरे, मुलगी आहे' इथून सुरुवात होते आणि खेळ बाजूला राहतो. माइक न लावता बोलण्याची सोय मात्र आहे, आणि ती आली वेगळ्याच कारणानं. अमेरिकेत २०१० च्या एका कायद्यानं संवादाच्या सोयी अपंगांना वापरता येण्याजोग्या करणं बंधनकारक केलं. व्हिडिओ गेमना त्यातून दिलेली सूट २०१८ अखेर संपली. त्यामुळे एपेक्समध्ये सुरुवातीपासूनच साथीदाराचं बोलणं पडद्यावर अक्षरांत उमटवण्याची आणि आपण टाइप केलेलं यंत्राच्या आवाजात ऐकवण्याची सोय होती. ती झाली बहिऱ्या आणि मुक्या खेळाडूंसाठी. भाचीला या सोयीबद्दल सांगितलं, तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "तो यंत्राचा आवाज बाईचा असतो की पुरुषाचा?"

पुढच्या आठवड्यात : 'तक्रार करा' हे बटण दाबल्यावर पुढे काय घडतं?