प्लेगच्या मुंबईतील मृत्यूंची मोजदाद
१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी विभागातील रुग्णांमध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला खरा. परंतु रोग किती पसरला, याचे उत्तर केवळ सरकारी दफ्तरांतून मिळणे दुरापास्त होते. खबर दिली की रुग्णाची रवानगी इस्पितळात आणि आप्तांची विलगीकरणाच्या छावणीत होईल, या धास्तीने अनेक कुटुंबे दुखणे लपवीत, आणि मृत्यूची नोंद साध्या तापाच्या सदराखाली होई. म्हणूनच शहरातील सर्व कारणांच्या एकूण मृत्यूंची मागील वर्षांच्या सरासरीशी तुलना करून अधिक भरणारी संख्या काढणे, हाच विश्वसनीय मार्ग ठरला. कारण मृत्यूचे कारण दडवता येते, पण अंत्यसंस्कार दडवणे फार कठीण असते.

तथापि येथेही एक पेच होताच. १८९१ च्या शिरगणतीत सव्वाआठ लाखांच्या घरात असलेल्या वस्तीतून लाखो लोक भयाने गावोगाव पांगले होते. मृत्युदर काढताना जुनीच लोकसंख्या धरली, तर मागे राहिलेल्यांवर ओढवलेला अनर्थ आहे त्याहून सौम्य भासे, आणि हे मला फार गंभीर वाटते.

कोविडच्या काळीही अधिक मृत्यू मोजण्याची हीच पद्धत कामी आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०-२१ मधील भारतातील अधिक मृत्यू सुमारे ४७ लाख, म्हणजे अधिकृत कोविड-मृत्यूंच्या जवळजवळ दसपट, अंदाजिले. भारत सरकारने त्या गणिती पद्धतीवर हरकत घेतली.