रील आणि वेब सिरीजमधल्या शिव्यांनी संस्कृती बिघडते का?

मे महिन्यातली संध्याकाळ. दोंडाईचाला आमच्या घराचा ओटा, लाईट गेलेली, सगळे बाहेर येऊन बसलेले. चुलतभाऊ कोपऱ्यात एका स्टँडअपचा व्हिडिओ बघत होता. मधेच त्याचं ब्लूटूथ तुटलं आणि आईवरची एक सणसणीत शिवी अख्ख्या ओट्याला ऐकू गेली. काका खाकरले. काकू उठून घरात गेल्या. आजीला कमी ऐकू येतं, तिने विचारलं, "काय म्हणस रे तो?" कुणीच उत्तर दिलं नाही.

आता खरं सांगायचं तर हीच आजी लाथ झाडणाऱ्या म्हशीला जे ऐकवते ते मला इथे लिहिता येणार नाही. तेव्हा काका खाकरत नाहीत. मग मोबाईलमधल्या शिवीनेच संस्कृती बुडते असं आपल्याला का वाटतं? आणि खरंच बुडते का?

कोर्टाने काय सांगितलं?

हा प्रश्न थेट सुप्रीम कोर्टात जाऊन आलाय. निमित्त होतं टीव्हीएफची 'कॉलेज रोमान्स' ही वेब सिरीज. तिच्या एका भागातल्या भाषेवरून तक्रार झाली आणि प्रकरण दिल्ली हायकोर्टात पोहोचलं. मार्च २०२३ मध्ये न्यायमूर्ती स्वर्णकांता शर्मा यांनी ही भाषा अश्लील ठरवली आणि गुन्हा नोंदवायला सांगितलं. निकालात त्यांनी असंही लिहिलं की चेंबरमध्ये हा भाग बघताना त्यांना इअरफोन लावावे लागले. म्हणजे आमच्या ओट्यावरचा आणि हायकोर्टातला प्रॉब्लेम सेम होता.

एक वर्षाने, १९ मार्च २०२४ ला, सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती ए. एस. बोपण्णा आणि पी. एस. नरसिंहा यांनी हा निकाल फिरवला. आयटी कायद्याचं कलम ६७ अश्लील मजकुरासाठी आहे. पहिल्यांदा दोषी ठरलात तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की अश्लील म्हणजे कामवासना चाळवणारं. शिवी ऐकून माणसाला किळस येईल, धक्का बसेल, रागही येईल, पण तेवढ्याने ती अश्लील ठरत नाही. ती असभ्य असू शकते, आणि असभ्य असणं हा या कलमाखाली गुन्हा नाही.

कायद्यापुरता विषय इथे मिटतो. आवडीनिवडीचा आणि संस्कृतीचा मिटत नाही.

आधी सगळं सोज्वळ होतं का?

अजिबात नाही. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करकरून एकमेकींना शिव्या घालतात. याला 'बोरीचा बार' म्हणतात, बघायला गर्दी लोटते. शिमग्याला बोंब मारून शिव्या देणं तर महाराष्ट्रभर चालत आलंय. नाटकांचंही तेच. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'वर परिनिरीक्षण मंडळाने कात्री चालवली, दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. आज तेच नाटक अभ्यासाला असतं.

फरक कुठे पडला? बोरीचा बार वर्षातून एक दिवस, ओढ्याच्या काठावर. शिमगा संपला की बोंब बंद. 'सखाराम'ला तिकीट काढून, आपण काय बघायला चाललोय हे माहीत असलेला प्रेक्षक जायचा. शिवीला जागा आणि वेळ होती. रील मात्र भजनाच्या व्हिडिओनंतर आणि पोराच्या कार्टूनच्या आधी कधीही येतं. ओटीटीला २०२१ च्या नियमांनुसार वयाची वर्गवारी द्यावी लागते, हौसेने रील टाकणाऱ्याला तसं काही नाही. त्यामुळे काकांच्या खाकरण्याला मी नावं ठेवणार नाही. ती तक्रार शब्दाइतकीच बांध फुटल्याची आहे.

पण 'घाण भाषा' ठरवतं कोण?

इथे खान्देशातल्या माणसाचा एक स्वतंत्र राग आहे, तो सांगून घेते. अहिराणीत मुलाला 'आंडोर' म्हणतात आणि मुलीला 'आंडेर'. शुद्ध, घरगुती शब्द. पुण्यात शिकायला असताना मी फोनवर आईशी बोलताना 'आंडोर' म्हटलं तर रूममेट दचकून बघायला लागली, तिला वाटलं मी शिवी दिली. गावाकडची बोली बोलणारा म्हणजे शिवराळ, हे गणित अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. आणि दुसरीकडे 'च्यायला' बघा. मुळात आईवरचीच शिवी, पण झिजून झिजून इतकी गुळगुळीत झाली की सभ्य घरांतही सर्रास चालते. कुठली भाषा खालच्या पातळीची, हे बरेचदा ती कोण बोलतंय त्यावर ठरतं.

उलटही होतं. २०२० मध्ये युवराज सिंगने इन्स्टाग्राम लाइव्हवर गप्पांच्या ओघात एक जातीवाचक शब्द वापरला. बीप लावावा असं कुणाला सुचलं नाही, कारण शिवी अशी नव्हतीच, हसतखेळत चाललेलं. पुढे हरियाणातल्या हांसीला गुन्हा दाखल झाला, युवराजने माफीही मागितली. कॉमेडीत असे शब्द किती सहज येतात ते एकदा कान देऊन ऐका. बीप फक्त ओळखीच्या चार शब्दांना लागतो.

मग बिघडतं ते नक्की काय?

याचं मला सापडलेलं सगळ्यात सरळ उत्तर एका ग्रामसभेचं आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला, की आईबहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. भांडण दोन पुरुषांचं, मग अपमान घरातल्या बाईचा कशाला, असा साधा मुद्दा. सुप्रीम कोर्टाने विचारलं होतं की शिवी ऐकून वासना चाळवते का. सौंदाळ्याने विचारलं, ती कुणाच्या नावाने दिली जाते. मला दुसरा प्रश्न जास्त कामाचा वाटतो. दंडाने भाषा सुधारते का, याबद्दल मात्र मला शंका आहे. आणि रील बनवणाऱ्याकडून दंड कोण घेणार?

तिथे तर गणित पैशाचं आहे. व्हिडिओच्या पहिल्या काही सेकंदांत जड शिवी असेल तर जाहिरातींचे पैसे कमी, असा नियम यूट्यूबने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणला. निर्मात्यांनी आरडाओरडा केल्यावर २०२३ मध्ये तो सैल केला आणि जुलै २०२५ मध्ये आणखी सैल केला. सुरुवातीलाच शिवी टाकून माणसाला थांबवायचं, हा आता हिशोबातला भाग आहे.

ओट्यावरच्या त्या चुलतभावाचं स्वतःचं एक अहिराणी कॉमेडी पेज आहे. त्याचा सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ शिवीनेच सुरू होतो आणि खाली हसण्याच्या इमोजींची रांग लागलीये. त्याच्या बहिणीनेही यंदा आखाजीला झोक्यावर गाणं म्हणत एक रील टाकलं होतं. त्याखाली अनोळखी पोरांनी त्याच शिव्या लिहिल्या, इमोजींसकट. गावातल्याही दोघांनी लिहिल्या, ती त्यांना ओळखते. दोन दिवसांनी तिने रील काढून टाकलं. भावाचा व्हिडिओ अजून आहे. परवा मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "ताई, ते कॉमेडी आहे." तिच्या रीलखालचं काय, म्हटल्यावर तो काही बोलला नाही. मोबाईल घेऊन आत गेला.