टाकी क्रमांक ६११

भोपाळ म्हटलं की ६१० क्रमांकाची टाकी आठवते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तिच्यात पाणी गेलं आणि सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट झोपलेल्या वस्त्यांवर पसरलं. तिच्या शेजारच्या ६११ चं नाव फारसं कुणी घेत नाही. तशीच अर्धी जमिनीत गाडलेली, वरून काँक्रीट. शहरात प्रेतं उचलणं चालू होतं तेव्हा ही टाकी भरलेलीच होती.

कामगारांच्या तोंडी 'मिक' असलेला हा द्रव ३९ अंशांना उकळतो. तो शून्याच्या आसपास थंड ठेवायचा असतो, पण युनियन कार्बाइडच्या या कारखान्याची शीतकरण यंत्रणा जूनपासूनच बंद होती. पाणी किंवा गंज लागला की मिक तापतो आणि तापला की आणखी जोराने तापतो. टँकरने बाहेर न्यावा, तर रस्ता भरवस्तीतून. कॉस्टिक सोड्यात जिरवावा, तर एवढ्या मालाची उष्णता आवरणार कशी? सीएसआयआरचे महासंचालक डॉ. एस. वरदराजन यांच्या पथकाने निवडलेला मार्ग ऐकायला वेडेपणाचा वाटतो: कारखाना पुन्हा सुरू करायचा आणि उरलेल्या मिकचं सेविन हे कीटकनाशक बनवून टाकायचं.

विचार केला तर यापेक्षा शहाणपणाचं दुसरं काही नव्हतं. त्या नळ्या, त्या झडपा याच कामासाठी बसवलेल्या होत्या आणि ते हातांच्या सवयीचं होतं. टाकीत नायट्रोजनचा दाब द्यायचा, त्या दाबाने साधारण टनभर मिक मधल्या छोट्या पात्रात घ्यायचा, तिथून तो अल्फा नॅफ्थॉल असलेल्या भट्टीत सोडायचा. तयार होते ती पावडर. तीही विषारीच, पण वाऱ्यावर स्वार होऊन शहरभर फिरणारी नव्हे. काही बिनसलंच, तर घोटाळा टनभर मालाचा, अख्ख्या टाकीचा नाही. सगळी मदार दाबावर होती. ६१० मध्ये ऑक्टोबरपासून दाब टिकतच नव्हता, म्हणून तिच्यातला माल काढता आला नव्हता. ६११ मध्ये तो टिकत होता.

रविवार, १६ डिसेंबरला काम सुरू झालं. नाव ठेवलं 'ऑपरेशन फेथ'. कुंपणाला गोणपाट बांधून ते भिजवत ठेवलं होतं, वरून हेलिकॉप्टरं पाणी शिंपडत होती आणि मुख्यमंत्री अर्जुनसिंह स्वतः कारखान्यात जाऊन बसले होते. मिकची साध्या पाण्याशी क्रिया तशी सावकाश होते. खरोखरच मोठी गळती झाली असती, तर ओल्या गोणपाटाने कितपत अडवली असती, याची मला शंकाच आहे. त्यातला निम्मा बंदोबस्त वायूसाठी होता आणि निम्मा बघणाऱ्यांसाठी. बघायला मात्र फारसं कुणी उरलं नव्हतं. धोका नाही असं सरकार सांगत असताना लाखांहून अधिक माणसं मिळेल त्या गाडीने, बसने, नाहीतर पायी शहर सोडून गेली होती. त्यांना भित्रं कसं म्हणायचं? दोनच आठवड्यांपूर्वी त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं.

टाकीत पंधरा टन माल असावा असा अंदाज होता, निघाला वीस टनांच्या वर. त्यामुळे काम आठवडाभर लांबलं. आत किती आहे हेही ज्या कारखान्यात नेमकं कळत नव्हतं, तिथे हवेत काय आहे हे कसं कळत असेल?

तर ते कळायचं डोळ्यांना. गळती ओळखायची कामगारांची रीत म्हणजे डोळ्यांची आग होऊन पाणी येणं. हा हिशोब नीट पाहावा. कामाच्या जागी मान्य असलेली मिकची मर्यादा दहा लाख भाग हवेत ०.०२ भाग एवढीच. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन प्रयोगांत ०.४ भागांवर, म्हणजे मर्यादेच्या वीसपटीवर, माणसांना काहीच जाणवलं नाही. २ भागांवर वास आला नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं. याचा अर्थ, डोळा बोलेपर्यंत हवा मर्यादेच्या शंभरपट बिघडलेली असते. त्यातून हा वायू हवेच्या जवळजवळ दुप्पट जड, त्यामुळे जमिनीलगतच राहतो. दोन डिसेंबरच्या रात्रीही डोळे चुरचुरत असल्याचं कामगारांनी सांगितलं होतं. गळती शोधण्याचं काम चहानंतर बघू, असं ठरलं.

या सगळ्याची वैज्ञानिक चिकित्सा वरदराजन पथकाच्या डिसेंबर १९८५ च्या अहवालात आहे. पथकात पुण्याच्या पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतली एल. के. दोराईस्वामी, रघुनाथ माशेलकर अशी मंडळी होती. एवढा मिक, एवढ्या मोठ्या टाक्यांत, इतके दिवस साठवायची गरजच नव्हती, हा त्यांचा निष्कर्ष. मला तो सगळ्यात बोचरा वाटतो. बिघडलेली झडप समजू शकते. साठा हा मात्र आधी बसून, विचार करून घेतलेला निर्णय असतो.

हा निष्कर्ष अमेरिकेत पोचायला वेळ लागला. वेस्ट व्हर्जिनियात इन्स्टिट्यूट नावाच्या गावी युनियन कार्बाइडचाच मिकचा कारखाना होता, तो पुढे बायरकडे गेला. २८ ऑगस्ट २००८ च्या रात्री तिथे एक पात्र फुटून उडालं आणि दोन कामगार दगावले. जवळच मिकची टाकी होती, आत सहा टनांच्या आसपास माल. पात्र दुसरीकडे गेलं, म्हणून टाकी वाचली. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने चौकशी केली, तेव्हा त्या विभागातली हवेतला मिक मोजणारी उपकरणं त्या रात्री चालूच नव्हती, असं आढळलं. मिक पुन्हा बनवणार नाही, हे बायरने जाहीर केलं ते २०११ मध्ये.