कारागिराच्या घरची बेगमी

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यात जीन्सची शिलाई, फर्निचर आणि लहानमोठे कारखाने यांवर हजारो घरे चालतात. कारागिराची मजुरी बहुधा नगावर ठरते. सण जवळ आला की रात्रीही मशीन चालते; मंदीत काही आठवडे हात रिकामे राहतात. पोटाला मात्र मंदी नसते. मग किराणा उधारीवर येतो किंवा मालकाकडून उचल घ्यावी लागते, आणि उचल घेतलेल्या कारागिराला पुढच्या हंगामात मजुरीच्या दराबद्दल बोलता येत नाही. म्हणून घरात महिन्याचा शिधा असणे ही धंद्याचीही बाब आहे. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा हे सर्वांनीच अनुभवले.

एकदम महिन्याचा माल भरण्याची ऐपत नसली तरी बेगमी करता येते. समजा, आठवड्याचा किराणा १००० रुपयांचा आहे. काम जोरात असताना दर आठवड्याला २०० रुपयांचा जादा माल घ्यावा. २० आठवड्यांत ४००० रुपयांचा, म्हणजे चार आठवड्यांचा साठा होतो. त्यासाठी कर्ज मात्र काढू नये.

आधी टिकणारा आणि रोज लागणारा माल घ्यावा: गहू, तांदूळ, तूरडाळ, मसूर, मीठ, साखर, चहा, तेल. पीठ, रवा, बेसन यांत पावसाळ्यात लवकर अळ्या होतात; ते लागेल तसेच आणावे. नवा गहू मार्च ते मे या काळात बाजारात येतो, तेव्हा घेणे सोयीचे. किलो-अर्धा किलोने घेतलेला माल महाग पडतो. शेजारच्या चार घरांनी मिळून कल्याणच्या घाऊक बाजारातून एक गोणी आणावी, वजन करून वाटून घ्यावी आणि भाडेही सारखे वाटावे. रेशनकार्डावर धान्य मिळत असेल तर ते दरमहा उचलावे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्याचा हक्क आहे.

धान्य मे महिन्यात कडक ऊन देऊन, पूर्ण निवल्यावरच कोरड्या डब्यात भरावे. तूरडाळीला एरंडेल चोळावे, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. डबे भिंतीला चिकटून किंवा जमिनीवर ठेवू नयेत. २६ जुलै २००५ रोजी उल्हास आणि वालधुनी या नद्यांचे पाणी वस्त्यांत शिरले होते. सखल भागातील घरांनी डबे माळ्यावर किंवा उंच फळीवरच ठेवावेत.

चांगला दुकानदार जुना माल पुढे आणि नवा मागे लावतो. घरातही तोच नियम हवा. प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख लिहावी, जुने आधी वापरावे आणि वापरले तेवढे पुढच्या आठवड्यात भरावे. रमजानचा जादा खर्च या साठ्यातून करू नये. त्याची तरतूद दोन महिने आधीपासून वेगळी करावी.

हिशेबाची वही घरातील स्त्रीच्या हाती असावी, कारण कोणता डबा कधी रिकामा होतो हे तिलाच नेमके ठाऊक असते. मंदीत डबा उघडला तर तो वापरण्यासाठीच आहे. काम सुरू होताच पहिल्या मजुरीतून तो पुन्हा भरण्यास सुरुवात करावी.