मध्येच विझणारा गॅस गिझर

आता घरातलंच उदाहरण घेऊ. आमचा गॅस गिझर पेटायचा, विझायचा, पुन्हा पेटायचा. तेही रोज नव्हे. आम्ही सेल बदलले, पाण्याची जाळीही धुतली, दोन्ही एकाच दिवशी! दोन दिवस बरा चालला, मग पुन्हा तेच. नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक शिकवण्यात जन्म गेला, पण तो आठवला उशिरा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्वयंपाकघरातला नळ सोडला की ज्योत जायची, बंद केला की टिकायची. पाण्याच्या जोरानं आतला पडदा ढकलला गेला तरच गॅसची झडप उघडते. तो जोरच कमी पडत होता.

मात्र बंद न्हाणीघरात असले प्रयोग नकोत. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. डोकं जड वाटलं की कारण शोधत बसू नका, आधी बाहेर या.