सीमासुरक्षा अनुदान, अमेरिकेतील

आंतरराष्ट्रीय सीमेच्या रक्षणात संघराज्याच्या दलांना साहाय्य करणाऱ्या स्थानिक पोलीस यंत्रणांना संघराज्य शासनाकडून मिळणारे अर्थसाहाय्य. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ते मुख्यत्वे ‘ऑपरेशन स्टोनगार्डन’ या योजनेतून दिले जाते. २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर स्थापन झालेल्या गृहभूमी सुरक्षा खात्याची ही योजना असून तिचा आर्थिक कारभार आपत्ती व्यवस्थापनाचे काम करणारी ‘फेमा’ ही संस्था पाहते, तर प्रत्यक्ष कामाची आखणी व देखरेख सीमा गस्तीदलाकडे असते. वित्तीय वर्ष २०२३ मध्ये या योजनेसाठी ९ कोटी डॉलर व २०२४ मध्ये ८ कोटी १० लाख डॉलर उपलब्ध होते. मेक्सिको व कॅनडा यांच्या सीमेवरील, तसेच आंतरराष्ट्रीय जलसीमा असलेल्या घटक राज्यांतील काउंट्या, नगरपालिका व मान्यताप्राप्त मूलनिवासी जमातींची शासने अनुदानास पात्र ठरतात.

संघराज्याच्या एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम अल्प आहे. तिच्याभोवतीचा कागदपत्रांचा व्याप मात्र मोठा आहे. त्याचे मूळ त्या देशाच्या संविधानात सापडते. सीमारक्षण हे संघराज्याचे काम असले, तरी काउंटीचा शेरीफ संघराज्याचा नोकर नसतो. तो बहुतेक ठिकाणी स्थानिक मतदारांनी निवडून दिलेला अधिकारी असतो. प्रिंट्झ विरुद्ध संयुक्त संस्थाने या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये असा निर्णय दिला, की स्थानिक पोलीस अधिकाऱ्यांना संघराज्याचा कायदा राबविण्याचा हुकूम संघराज्य शासनास देता येत नाही. हुकूम देता येत नाही, तेथे पैसा देऊन त्यास अटी जोडाव्या लागतात. त्या अटी पाळल्या गेल्या किंवा नाही, हे ठरविण्यास कागदाखेरीज दुसरे साधन नसते. त्यामुळे अनुदानाचे कागद हेच येथे व्यवहारतः आज्ञापत्राचे काम करतात.

अर्जदार संस्थेला प्रथम संघराज्याच्या नोंदवहीत नाव दाखल करून एकमेव ओळख-क्रमांक मिळवावा लागतो. एप्रिल २०२२ पासून हा क्रमांक शासन स्वतः देते. तत्पूर्वी तो एका खाजगी व्यापारी संस्थेकडून घ्यावा लागे. नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. ते चुकल्यास निधी अडकून पडतो. स्थानिक संस्था थेट फेमाकडे अर्ज करू शकत नाही. राज्याने नेमलेल्या प्रशासकीय यंत्रणेमार्फतच तो जातो. मूलनिवासी जमातींच्या शासनांनाही याच मार्गाने जावे लागते. त्यांचे वैधानिक संबंध राज्याशी नसून थेट संघराज्याशी असल्यामुळे ही तरतूद त्यांना खटकणारी आहे.

संपूर्ण प्रकरणातील महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे कार्यवाही-आदेश. गस्तीदलाचे विभागीय कार्यालय, राज्याची यंत्रणा व स्थानिक पोलीस यांनी एकत्र बसून तो तयार करावयाचा असतो. आपल्या भागातील सीमेवर कोणता धोका आहे, त्यासाठी किती तासांची जादा गस्त घालावयाची, कोणती वाहने व साधने लागतील आणि खर्च किती येईल, हे सर्व त्यात मांडावे लागते. गस्तीदलाचे मुख्यालय व फेमा या दोहोंची मान्यता मिळेपर्यंत एक डॉलरही खर्च करता येत नाही. पुढे योजनेत बदल करावयाचा झाल्यास पूरक आदेश काढून मान्यतेची तीच वाट पुन्हा चालावी लागते. तस्करीच्या वाटा ऋतुमानाप्रमाणे, कधीकधी आठवड्यागणिक बदलतात. त्या वेगाने आदेश बदलत नाहीत, ही अडचण या पद्धतीत अंगभूतच आहे. कॅमेऱ्याचा मनोरा उभारण्यासारख्या, जमीन खणावी लागणाऱ्या कामास आणखी एक पायरी आहे. १९६६ चा ऐतिहासिक वास्तुसंरक्षणाचा व १९६९ चा पर्यावरणविषयक असे दोन कायदे त्यास लागू होत असल्याने कामापूर्वी स्वतंत्र परीक्षण व्हावे लागते. आधी काम करून नंतर परवानगी मागितल्यास खर्च नामंजूर होण्याचा संभव असतो.

प्रत्यक्ष गस्त सुरू झाल्यावर प्रत्येक पाळीचे दैनिक कार्यवृत्त भरावे लागते. कोण किती तास कामावर होते, किती वाहने थांबविली, किती जणांना अटक झाली, कोणता माल जप्त केला, हे त्यात नोंदवून ते पाळी संपल्यानंतर ठराविक मुदतीत गस्तीदलाकडे पाठवावयाचे असते. हे कार्यवृत्त, वेतनपट व हजेरीपत्रक यांतील तास एकमेकांशी जुळले पाहिजेत. हे अनुदान सामान्यतः प्रतिपूर्तीच्या स्वरूपात मिळते, म्हणजे खर्च आधी स्थानिक तिजोरीतून होतो आणि मागणीपत्राची छाननी झाल्यावर रक्कम परत येते. मोठ्या काउंटीस हा विलंब सोसतो. ज्या गावाच्या पोलीस दलात मोजकी माणसे आहेत व हिशेब पाहणारा एकच कारकून आहे, त्या गावास काही महिन्यांचे जादा वेतन आगाऊ देणे जड जाते. सीमेवरील अनेक गावे याच प्रकारची आहेत.

अनुदानाचा बराचसा भाग पोलिसांच्या जादा कामाच्या वेतनावर खर्च होतो. २००८ च्या एका कायद्याने कर्मचाऱ्यांवरील खर्चास ५० टक्क्यांची मर्यादा घातली असून ती शिथिल करून घेण्यासाठी स्वतंत्र विनंतिपत्र द्यावे लागते. यापेक्षा कठीण अट म्हणजे संघराज्याचा पैसा स्थानिक खर्चाच्या जागी वापरता येत नाही. तो स्थानिक खर्चात भर घालणारा असला पाहिजे. अट वाचण्यास सोपी, सिद्ध करण्यास अवघड अशी आहे. अनुदान नसते तर काउंटीने काय केले असते, हे कोणत्याही वेतनपटात लिहिलेले नसते. मागील वर्षांची अंदाजपत्रके व मंजूर पदांची संख्या यांवरून ते अनुमानाने काढावे लागते. गृहभूमी सुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात याच मुद्द्यावर फेमा व सीमाशुल्क-सीमासंरक्षण विभाग या दोहोंस दोष दिला. जादा वेतनाच्या मागण्या मान्य करताना असा बदली वापर होण्याचा धोका पुरेसा तपासला गेला नाही व स्थानिक संस्थांना स्पष्ट मार्गदर्शनही मिळाले नाही, असे त्यात नमूद आहे. कागद भरपूर मागविले गेले. परंतु कळीच्या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळेलच, अशी व्यवस्था नव्हती.

खरेदी केलेल्या साधनसामग्रीची जडसंग्रह नोंदवही ठेवून दर दोन वर्षांतून एकदा तरी प्रत्यक्ष मोजदाद करावी लागते. अंतिम आर्थिक अहवाल सादर झाल्यापासून तीन वर्षे सर्व कागदपत्रे जपून ठेवावयाची असतात. १९८४ च्या कायद्याने सुरू झालेल्या एकत्रित लेखापरीक्षणाची मर्यादा वार्षिक ७,५०,००० डॉलर संघीय खर्चाची होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून वा त्यानंतर सुरू होणाऱ्या वित्तीय वर्षांसाठी ती १० लाख डॉलर करण्यात आली. त्यामुळे काही छोट्या संस्थांचा भार थोडा हलका झाला.

कागदांचा हा भार शासनास अज्ञात नाही. १९८० मध्ये संमत झालेल्या कागदकाम-कपात कायद्यानुसार संघराज्य शासनाच्या नमुन्यांवर नियंत्रण-क्रमांक छापावा लागतो व तो नमुना भरण्यास सरासरी किती वेळ लागेल, याचा अंदाज द्यावा लागतो. हा अंदाज एकेका नमुन्यापुरता असतो. कार्यवाही-आदेश, कार्यवृत्त, मागणीपत्र व जडसंग्रह यांचा मेळ घालताना कारकुनाचे किती दिवस जातात, हे त्यावरून कळत नाही.

अनुदान घ्यावयाचे की नाही, हा प्रश्नही केवळ हिशेबाचा राहिलेला नाही. ॲरिझोना राज्यातील पीमा काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने २०१८ मध्ये बहुमताने हे अनुदान नाकारले. शेरीफचे शिपाई स्थलांतरितांविरुद्धच्या कारवाईत ओढले जातील व लोकांचा पोलिसांवरील विश्वास उडेल, असा आक्षेप तेथे घेतला गेला होता. याउलट, निर्मनुष्य टापूत गस्त घालण्यास दुसरा पैसा नाही, असे समर्थकांचे म्हणणे असते. दैनिक कार्यवृत्तातील वाहने थांबविल्याच्या व अटकेच्या नोंदी दोन्ही बाजूंना उपयोगी पडतात.

भारतातील व्यवस्था निराळी आहे. येथे पोलीस हा राज्यसूचीतील विषय असला, तरी भूसीमेचे रक्षण १९६५ मध्ये स्थापन झालेल्या सीमा सुरक्षा दलासारखी केंद्रीय दलेच करतात. त्यामुळे राज्य पोलिसांच्या जादा वेतनासाठी अशा प्रकारचे अनुदान देण्याची प्रथा रुजली नाही. जवळचे उदाहरण सागरी सीमेचे आहे. २००५-०६ पासून सुरू झालेल्या व २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर २०११ मध्ये दुसऱ्या टप्प्यात विस्तारलेल्या किनारी सुरक्षा योजनेत महाराष्ट्र, गोवा यांसह किनारपट्टीच्या राज्यांना सागरी पोलीस ठाणी, गस्ती नौका व वाहने यांसाठी केंद्राचे साहाय्य मिळाले. मनुष्यबळ मात्र राज्यांनी द्यावयाचे होते. स्टोनगार्डनमध्ये केंद्राचा पैसा प्रामुख्याने माणसाच्या तासांवर जातो, येथे तो नौका व इमारतींवर गेला. केंद्रीय अनुदानाच्या विनियोगाबद्दल राज्यांना सामान्य वित्तीय नियमांनुसार उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे लागते. रक्कम मंजूर कारणासाठी खर्च झाली, एवढे ते प्रमाणपत्र सांगते. नौका किती रात्री समुद्रात गेली, याची नोंद ठाण्याच्या स्वतंत्र दप्तरात असते.