एकाच जिल्ह्याला दोन न्याय

नाशिक जिल्ह्यात भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंत पैठणी आहे आणि 'नाशिक व्हॅली वाइन'ही आहे. पैठणीला शतकांची परंपरा; इथल्या वाइनचा जम बसला तो गेल्या पंचवीस-तीस वर्षांत. तरीही जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेवरील ट्रिप्स करारात जास्त कडक संरक्षण आहे ते वाइनला. कराराचे कलम २२ सगळ्याच वस्तूंना लागू होते, पण ग्राहकाची दिशाभूल होते हे तिथे दाखवून द्यावे लागते. कलम २३ फक्त वाइन आणि मद्यांसाठी. त्यात दिशाभूल सिद्ध करण्याची गरजच नाही. 'अमुक पद्धतीची', 'अमुक धर्तीची' असे लिहून सुटण्याची वाटही बंद. युरोपातल्या वाइन उत्पादक देशांनी वाटाघाटीत जोर लावला, म्हणून हे कलम आले. विणकरांसाठी तसा जोर कोणी लावला नाही.

याचा अर्थ पैठणी विणणाऱ्या येवल्यात जाऊन पाहावा. हातमागावर पदर विणताना प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी कांडी असते. मोराच्या मानेचा निळा जिथे संपतो तिथे शेजारच्या रंगाचा धागा त्यात अडकवून विणकर परत फिरतो. एकेका ओळीत असे कितीतरी वेळा. म्हणून अस्सल पदर उलटा केला तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. एका साडीला कित्येक आठवडे, भरजरी असेल तर महिनेही लागतात. आणि बाजारात नक्कल 'सेमी पैठणी' म्हणून सर्रास विकली जाते. वाइनच्या बाबतीत परदेशी बाजारात असा शब्दप्रयोग कलम २३ नुसार चालला नसता.

हे जादा संरक्षण इतर वस्तूंनाही द्यावे, हा विषय २००१ च्या दोहा जाहीरनाम्यात नोंदला गेला. भारताने तो लावून धरला, अमेरिका-ऑस्ट्रेलियाने विरोध केला, आणि घोडे तिथेच अडले. आपल्या १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्यानुसार मात्र केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरावीक वस्तूंना जादा संरक्षण देऊ शकते. पैठणीसाठी ही तरतूद वापरायला जागतिक व्यापार संघटनेची परवानगी लागत नाही. येवल्यातून ही मागणी जोरात व्हायला हवी असे मला ठामपणे वाटते.

तरी मानांकन राखते ते नाव. विणण्याचे ज्ञान कोणाचे, हा प्रश्न त्यात येतच नाही. ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न येतो तो पेटंटच्या वाटेने. हळदीने जखम भरते, यावर १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाला पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. जिंकता आले, कारण दाखवायला कागद होते: जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा वैद्यकीय नियतकालिकातला लेख. पुढे पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले, तेही मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांवर.

सुरगाणा-पेठच्या डोंगरात कोकणा, वारली, महादेव कोळी वस्त्यांतल्या भगताला, सुईणीला ठाऊक असलेल्या मुळीसाठी असा कागद नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले ते याचसाठी. मे २०२४ मध्ये जिनिव्हात संमत झालेल्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या करारानुसार, जनुकीय संसाधनांशी निगडित पारंपरिक ज्ञानावर आधारलेल्या शोधाचे पेटंट मागणाऱ्याने ते ज्ञान कोणत्या समाजाकडून मिळाले हे सांगावे लागेल. पंधरा देशांनी मान्यता दिल्यावर तो लागू होतो. पण तो पेटंटपुरताच. मोबदल्याची हमी त्यात नाही.

इथे एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. जैवविविधता कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञान व्यापारासाठी वापरणाऱ्या भारतीय कंपन्यांना राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवण्यातून सूट दिली. म्हणजे ग्रंथातले ज्ञान परदेशी पेटंट अडवायला कामी येते, पण देशातल्या कंपनीपुढे तेच उघडे पडते. नुसते लिहून ठेवणे पुरत नाही. म्हणून नोंदवही भरताना झाडाच्या नावापुढे थांबू नये. माहिती कोणी दिली, त्यातले काय गुप्त ठेवायचे आणि वापरायची असेल तर ग्रामसभेची अट काय, हेही त्याच पानावर लिहून घ्यावे.